सगळ्यांचे पाय सारखे

"तुझ्या देवीला माझ्याच पोरीचा पाय कशाला पायजे हुता?"

"देवीला मधी आणू नगंस, रत्नव्वा."

"मी आणलं? कंपनीत कोण म्हणालं, पोरींचं अनवाणी नवरात्र हाय म्हणून? मी म्हणालो?"

"हळू बोल. वॉर्ड हाय ह्यो. बाया बघाल्यात."

"बघू देत की. दोन बोटं कापून नेली, तिसरं काळं पडालंय, आता लाजायचं कुणाला? आमच्यात अनवाणी न्हाय, अक्का. मी कधी केलं न्हाय, माझ्या सासूनं केलं न्हाय. मग माझी पोरगीच तेवढी कशी काय अनवाणी हिंडाय लागली लोखंडात?"

"अव्वा, गप की गं," खाटेवरून भूमिका म्हणाली.

"तू गप. तू गप बसलीस म्हणून तर ही पाळी आली."

खाटेच्या अलीकडं रत्नव्वा, पलीकडं तानाबाई, आणि मधे उशीवर ठेवलेला भूमिकाचा पाय. पांढऱ्या पट्ट्यांचं नुसतं गाठोडं. दोघी बहिणी वाटणीच्या भांड्यावरून भांडाव्यात तशा त्या दोघी त्या गाठोड्याच्या वरून भांडत होत्या. रत्नव्वा निपाणीकडची. नवरा गेल्यावर लेकीला घेऊन कागलला आली, भाड्याची खोली घेतली आणि लोकांच्या घरी भाकऱ्या थापून तिनं पोरगी बारावीपर्यंत शिकवली. तानाबाई भूमिकाच्या कंपनीतली, तिच्या शेजारच्या टेबलावरची, तिला काम शिकवणारी. तानाबाईनं आणलेल्या केळ्यांची पिशवी रत्नव्वानं हातात घेतलीच नव्हती. ती अजून तानाबाईच्या मनगटालाच लटकत होती.

"सोमवारी चौकशी हाय नव्हं?" रत्नव्वानं विचारलं.

"हाय."

"तुला बोलावलंय?"

"बोलावलंय."

"मग तिथं एवढंच सांग. पोरीचं नवरात्र न्हवतं. तिच्या पायात बूट हुतं आणि ते तिला काढाय लावलं. कुणी लावलं ते ही सांगत न्हाय. विचारलं की भिंतीकडं तोंड करती. तू शेजारीच असतीस. तुला ठावं असणार."

तानाबाईनं भूमिकाकडं बघितलं. भूमिकानं खरंच भिंतीकडं तोंड केलं होतं.

"सांगीन," तानाबाई म्हणाली.

"काय सांगशील?"

"हाय ते सांगीन की."

हाय ते सांगायचं म्हणजे काय, हे त्या वॉर्डात दोघींनाच ठाऊक होतं. एक भिंतीकडं बघत होती आणि दुसरीच्या मनगटाला केळ्यांची पिशवी होती. बूट काढायला लावले होते ते तानाबाईनंच.

आणि सोमवारच्या चौकशीवर सगळं येऊन थांबलं होतं. अपघात कंपनीचा ठरला, तर पुढचं ऑपरेशन कंपनी करणार आणि बरी झाल्यावर पोरीला बसून करायचं काम देणार. पोरीची चूक ठरली, तर तिला गेट बंद. एवढा साधा हिशेब. तो कंपनीच्या माणसानंच दवाखान्यात येऊन सांगितला होता, फार गोड बोलून.

तानाबाई म्हणजे कोण, हे पंचतारांकित एमआयडीसीतल्या त्या फौंड्रीत कुणालाही विचारा. दाराची बाई, म्हणून सांगतील.

झालं होतं असं. बायकांच्या संडासाला आतून कडी नव्हती. एकीनं आत जायचं, दुसरीनं बाहेर दार धरून उभं राहायचं, आणि दोघी जागेवर नाहीत म्हणून सुपरवायझरनं दोघींच्या नावानं बोंब मारायची. म्हणून बायका पाणीच पीत नव्हत्या. फौंड्रीच्या उष्णतेत कामाची आख्खी पाळी घोटभर पाण्यावर काढायच्या आणि मग लघवीला जळजळ होते म्हणून गल्लीतल्या डॉक्टरकडं रांगा लावायच्या. तानाबाईनं तोंडी सांगून बघितलं, हातापाया पडून बघितलं. मग एक दिवस तिनं आणि तिच्याच लाइनवरच्या सोनलनं मिळून ते दार बिजागरीतून उचकटलं, दोन बाजूंनी धरलं, सगळ्या मशीनींमधून मिरवत नेलं आणि मॅनेजरच्या केबिनीला टेकवून उभं केलं.

"हे काय?" मॅनेजर म्हणाला.

"दार हाय साहेब. आमच्यात ठेवून काय उपयोग न्हाय. तुमच्यात तरी लावून घ्या."

दुसऱ्या दिवशी कडी बसली. आणि त्या दिवसापासून बायका तानाबाईच्या शब्दाबाहेर गेल्या नाहीत. हे बायकांच्या जसं लक्षात आलं, तसं ठेकेदार हंबीररावांच्याही आलं. बायकांना काही सांगायचं असलं की ते आता सगळ्यांना सांगत बसत नसत. थेट तानाबाईच्या टेबलाशी यायचे. "मावशी, तुमच्या शब्दाला मान हाय बघा." जास्तीची पाळी करायची असो की रविवारी यायचं असो, मावशीला पटवलं की तीस-चाळीस बायका पटल्या. तानाबाईला ते कळत नव्हतं असं नाही. पण मान म्हटलं की मान. जन्मात दुसऱ्या कुणी दिला नव्हता.

काम वाळूचं. तापलेल्या लोखंडी साच्यात चिकट वाळू दाबून तिचे गाभे, म्हणजे ओतीव माल आतून पोकळ ठेवणारे ठोकळे, काढायचे, कानशीनं घासून गुळगुळीत करायचे आणि पुढं ओतकामाला पाठवायचे. वाळूत जे औषध मिसळतात त्याच्या वासानं डोळ्यांतून पाणी येतं. नव्या पोरी आठवडाभर रडतात, मग रडायच्या थांबतात, कारण डोळे तेवढे मरतात. तानाबाईचे कधीच मेले होते. इतकी वर्षं ती तिथं होती, पण कागदावर ती कायम नवीनच. दरसाल डिसेंबरात तिला ब्रेक मिळायचा, म्हणजे काही दिवस घरी बसवायचे, आणि मग ठेकेदाराच्या बदललेल्या नावानं पुन्हा नवं कार्ड. ठेकेदार तोच, बाई तीच, वाळू तीच.

घरी नवरा. नाव विजयसिंह, नावाला राजा. इचलकरंजीत मागावर जन्म गेला आणि मागाच्या खडखडाटात दोन्ही कान गेले. तानाबाई कंपनीत मशीनीवर ओरडून बोलायची आणि घरात नवऱ्याला ऐकू जावं म्हणून ओरडून बोलायची. गल्लीत म्हण पडली होती, तानाबाईच्या घरातली चोरी चोराआधी आम्हाला कळेल.

आता तो अपघाताचा दिवस, नवरात्रातली ललिता पंचमी.

त्या दिवशी आख्खं कोल्हापूर टेंबलाईच्या टेकडीकडं कोहळा फोडायचा सोहळा बघायला लोटतं. बायकांनी अर्धा दिवस मागितला होता. मिळाला नाही, कारण नेमके त्याच दिवशी पाहुणे येणार होते. पाहुणे म्हणजे कंपनीचा माल घेणारे मोठे गिऱ्हाईक. ते आधी मालाकडं बघत नाहीत, कामगारांच्या अंगाकडं बघतात. टोपी आहे का, हातमोजे आहेत का, पायात बूट आहेत का. नाहीत म्हणजे ऑर्डर नाही.

सकाळीच हंबीरराव कपाळाचा घाम पुसत तानाबाईच्या टेबलाशी आले.

"मावशी, घात झाला. बूट आलं न्हाईत."

"आमचं बूट कवा आल्यात? मागल्या वक्ताला गड्यांच्या मापाचं आणलासा. चिंध्या कोंबून घातलं दिसभर, आन् संध्याकाळी परत काढून घेतलासा."

"ते जोड ओतकामाकडल्या गड्यांस्नी दिलं. पाहुणं आधी तिकडं जाणार. आता तुमच्या लायनीचं काय करायचं ते तुमीच सांगा."

"मी काय सांगू? मी चांभार हाय व्हय?"

हंबीररावांनी खाली बघितलं. तानाबाईचे पाय उघडे होते. घट बसल्यापासून तिच्या पायाला चप्पल नव्हती. दरसाल नसायची. थोरल्या लेकाला लहानपणी कावीळ झाली होती तेव्हा अंबाबाईला बोललेलं ते अनवाणी होतं, आणि ते तिनं एकाही साली चुकवलं नव्हतं.

"मावशी, तुमचं अनवाणी हाय नव्हं?"

"माझं हाय. आणि ह्या चार-पाच जणींचं हाय."

"मग सगळ्यांचंच हाय म्हणायचं." हंबीरराव अगदी हळू म्हणाले. "देवाधर्माचं म्हटलं की पाहुणी माणसं काय बोलत न्हाईत. न्हायतर लाइन बंद, मावशी. मी काय करणार सांगा."

आता इथं दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, बूट आणा, न्हायतर लाइन बंद करा. दार उचकटणारीच ही. तिलाच ते म्हणता आलं असतं. पण तानाबाईनं टेबलांवर नजर फिरवली. सोनलची दोन पोरं शाळेत. पलीकडची नुकतीच नवऱ्याचं घर सोडून आलेली. प्रत्येकीच्या तोंडाकडं बघितलं आणि तिला वाटलं, तासाभराचं तर काम आहे. देवी काय रागवायची नाही. आपल्याच लेकरांसाठी आपल्या आईचं नाव घेतलं तर त्यात खोटं काय.

"चला गं, चपला काढा सगळ्यांनी," ती ओरडली. "आज समद्यांचं नवरात्र हाय."

बायका हसल्या. चपला टेबलांखाली गेल्या. राहिली एकटी भूमिका. तिच्या पायात बूट होते. खरे सेफ्टी बूट, पुढं लोखंडाची टोपी असलेले. तिचा मामा साखर कारखान्यात होता, त्याचे जुने. मोठे व्हायचे, पण दोन मोजे चढवून ती ते रोज घालायची. बायका तिला फौजदारीण म्हणायच्या.

"काढ गं पोरी," तानाबाई म्हणाली.

"मावशी, आमच्यात अनवाणी न्हाय."

"तासाभराचं काम हाय. देवी काय तुझी जात विचारणार हाय?"

"पण माझ्यात हाईत की बूट."

"त्येच तर. एकीच्या पायात दिसलं तर बाकीच्यांच्यात का न्हाईत म्हणून विचारतील. सगळ्यांचे पाय सारखे दिसू देत."

भूमिकानं बूट काढले. फरशीवर पाय टेकवून ती नाचल्यासारखी उड्या मारायला लागली. "पोळालंय की वो मावशी." पुन्हा सगळ्या हसल्या. हंबीररावांनी ते बूट उचलले आणि अडगळ दिसायला नको म्हणून आपल्या स्टोअरात टाकून कुलूप लावलं.

पाहुणे आले. पुण्याचे एक साहेब आणि त्यांच्याबरोबर एक परदेशी बाई. बाईंनी ओळीनं उघडे पाय बघितले आणि साहेबांना काहीतरी विचारलं. साहेबांनी ते मराठीत विचारलं. तानाबाई पुढं झाली, छातीला हात लावला आणि म्हणाली, "अंबाबाईची शपथ साहेब, खुशीनं हाय. नवरात्रात आमच्या पायाला चप्पल शिवत न्हाय. कुणीबी विचारा." साहेबांनी ते इंग्रजीत सांगितलं. परदेशी बाईंनी डोळे मोठे केले, हात जोडले, मग गुडघ्यावर बसून त्या सगळ्या पायांचा फोटो काढला. मशीनीवर वाहिलेली झेंडूची फुलंही त्यात आली.

पाहुणे जेवायला गेले. लाइन तेवढा वेळ थांबली होती, तो माल भरून काढायचा म्हणून सुपरवायझर मागं लागला. भूमिका बूट मागायला गेली तर स्टोअरला कुलूप. किल्ली हंबीररावांकडं, आणि हंबीरराव पाहुण्यांच्या पंगतीत वाढायला.

"येतील गं ते. तोवर हात चालव," तानाबाई म्हणाली.

साचे वाहायची ट्रॉली होती. तिचं एक चाक महिनाभर तारेनं बांधलेलं. त्याबद्दलही तानाबाईनं सांगितलं होतं, आणि दसऱ्यानंतर बघू असं उत्तर मिळालं होतं. भूमिका ट्रॉली ढकलत आली, वळणावर तार सुटली, ट्रॉली कलली आणि वरचा साचा घसरला. आवाज मोठा झाला नाही. मऊ काहीतरी मधे होतं म्हणून.

तिसऱ्या दिवशी कंपनीनं तो फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर पाठवला. वर लिहिलं होतं, श्रमाला श्रद्धेची जोड. डावीकडून तिसरे पाय भूमिकाचे होते. नखांना गुलाबी रंग लावलेला.

चौकशीची तारीख लागल्यावर संध्याकाळच्या वडापात बोलणं निघालं. जीप गच्च भरलेली, एकीच्या मांडीवर एक. सोनल तानाबाईच्या अगदी तोंडासमोर होती.

"मावशी, सोमवारी काय सांगणार हाईस?"

"हाय ते."

"म्हंजे काय?"

"पोरीचं नवरात्र न्हवतं. बूट काढाय आपुन लावलं. आपल्याला बूट कधी मिळालंच न्हाईत."

मग मागून एकजण म्हणाली, "आन् पाहुण्यांला मग काय सांगितलं म्हणून विचारलं तर?"

"खोटं सांगितलं म्हणायचं."

"वा गं वा," सोनल म्हणाली. "म्हंजे आमी समद्या लबाड. ऑर्डर गेली, लाइन गेली. एका पायापायी चाळीस जणींचं पाय मोडणार तू."

"तुझी पोरगी असती तर?"

"माझी न्हाय म्हणूनच बोलालोय. माझी असती तर मीबी रत्नव्वासारखी भांडलो असतो. तुला काय वाटतं, मला त्या पोरीची माया न्हाय? माझ्या मांडीवर डोकं ठेवून गेलती ती दवाखान्यात. पण माया हाय म्हणून चूल पेटती व्हय, मावशी?"

"दार उचकटताना माझ्या बरोबर हुतीस तू."

"तवा कडी पायजे हुती. कडी गावली. आता बोट गावणार हाय व्हय पोरीचं?"

जीप थांबली, बायका उतरल्या. उतरताना रोज सगळ्याजणी "येतो गं मावशी" म्हणायच्या. आज एकटी सोनल म्हणाली, तेही मान खाली घालून.

दुसऱ्या दिवशी हंबीरराव आले. बसायला खुर्ची मागितली नाही, टेबलाच्या कडेलाच टेकले.

"मावशी, मी काय तुमाला खोटं बोला म्हणत न्हाय. पोरीच्या पायात बूट न्हवतं, हे खरं का खोटं?"

"खरं."

"मग झालं की. तेवढंच विचारणार हाईत. तेवढंच सांगायचं. पुढचं सांगायला तुमाला कुणी बोलावलंय?"

"आन् बूट कुठं हुतं, हंबीरराव?"

"मावशी, डिसेंबर आला. तुमचा ब्रेक आला. परत कुणाला घ्यायचं, कुणाला न्हाय, ते आता वरती ठरतंय. माझ्या हातात काय ऱ्हायलं न्हाय." ते उठले. "तुमचं वय बघता मी तुमच्यासाठी शब्द टाकीन. पण शब्दाला जागा तरी ठेवा."

घरी तिनं नवऱ्याला सांगायचं ठरवलं. पण नवऱ्याला गुपित सांगायची सोयच नव्हती. त्याला ऐकू जाईल एवढ्यानं बोललं तर आख्ख्या गल्लीला कळणार. म्हणून तानाबाई त्याच्यासमोर बसली आणि साध्या आवाजात सांगत राहिली. सगळं. बूट, कुलूप, शपथ, सोनल. विजयसिंह तिच्या ओठांकडं बघत होता. त्याला काही ऐकू येत नव्हतं, पण बायको रडते आहे एवढं दिसत होतं. तिचं संपल्यावर त्यानं आपल्या ताटातली अर्धी भाकरी मोडून तिच्या ताटात ठेवली.

"मला काय सांगू नगंस," तो म्हणाला. "जेव."

सोमवारी चौकशी कँटीनमध्ये होती. बाक भिंतीला लावले होते आणि मधे एक टेबल. टेबलामागं तेजस्वी मॅडम, नुकतीच कोल्हापूरच्या कॉलेजातून शिकून आलेली, कंपनीच्याच कामगार विभागाची अधिकारी. बोलणं गोड. खोट्यानं गोड नव्हे, स्वभावानंच. बाजूला हंबीरराव. समोर दवाखान्यातून तेवढ्यापुरती आणलेली भूमिका, वॉकर धरून. रत्नव्वाला आत येऊ दिलं नव्हतं. ती फाटकाजवळ वॉचमनच्या खोलीशेजारी बसून होती. कँटीनच्या काचेपलीकडं लाइन दिसत होती. हात चालू होते आणि माना सगळ्या इकडं.

"बसा तानाबाई. घाबरू नका."

"मी कुठं भ्यालोय."

"चहा सांगू?"

"नगं."

"बरं. अपघात झाला तेव्हा भूमिकाच्या पायात सेफ्टी बूट होते का?"

"न्हवतं."

हंबीररावांनी मान डोलावली. तेवढंच होतं. पण तानाबाई थांबली नाही. घरून येताना ती जे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत आली होती, ते तिनं एका दमात म्हटलं.

"कुणाच्याच पायात न्हवतं, मॅडम. आमास्नी बूट कधी दिलेलंच न्हाईत. तिचं स्वतःचं हुतं, ते काढून घेतल्यालं."

भूमिकानं मान वर केली.

तेजस्वी मॅडमनं लॅपटॉप वळवून तानाबाईपुढं धरला. झेंडूची फुलं आणि पायांची ओळ. "यात तुम्ही आहात ना?"

"हाय."

"त्या दिवशी पाहुण्यांना तुम्ही काय सांगितलंत?"

"नवरात्र हाय म्हणून सांगितलं."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं."

"अंबाबाईची शपथ घेऊन. मी तिथंच होते, मला चांगलं आठवतं. ती शपथ खोटी होती का?"

"माझं अनवाणी खरं हुतं."

"तुमचं मी विचारत नाही. शपथ तुम्ही सगळ्यांच्या वतीनं घेतलीत. खोटी होती का?"

तानाबाईनं ओठ हलवले. लेकाची कावीळ, देवळाच्या पायरीवर टेकलेलं डोकं, इतक्या सालांचे भाजलेले तळवे, हे सगळं त्या एका शब्दाच्या आड येऊन उभं राहिलं. खोटी होती म्हणायचं म्हणजे त्या देवीच्या तोंडावर म्हणायचं.

"हे बघा," मॅडम समजुतीनं म्हणाली. "तुमच्या दोन गोष्टी झाल्या. तेव्हाची खरी धरली तर भूमिका स्वतःच्या मर्जीनं अनवाणी होती. आत्ताची खरी धरली तर तुम्ही सगळ्याजणी मिळून कंपनीच्या गिऱ्हाइकाशी खोटं बोललात. मग ते त्यांना कळवावं लागेल, आणि लाइनचं पुढं काय होईल ते माझ्या हातात नाही. मला खरंच वाईट वाटतंय. पण कुठली धरू, ते तुम्हीच सांगा."

"हंबीरराव," तानाबाई वळली. "तुमी सांगा की. कुणाची अक्कल हुती ती?"

हंबीरराव टेबलाच्या पायाकडं बघत होते. "मावशी, बायकांच्या उपासतापासातलं मी गडीमाणूस काय सांगणार? मी त्या वक्ताला पाहुण्यांच्या मागं हुतो."

"आन् कुलूप? कुलूप कुणी लावलं?"

"कसलं कुलूप?"

काचेपलीकडं सोनलचे हात थांबले होते. ती इकडंच बघत होती. ती मान हलवत होती की नुसती बघत होती, ते तानाबाईला तिथून कळत नव्हतं.

"मॅडम, मी एक विचारू?" भूमिका म्हणाली.

"विचार ना."

पण ती मॅडमकडं वळलीच नाही. वॉकर टकटकवत एक पाऊल पुढं आली आणि तानाबाईसमोर उभी राहिली. आवाज चढलेला नव्हता. वाळू किती घालू, असं विचारायची तसंच विचारत होती.

"मावशी, माझं बूट काढाय कोण म्हणालं?"

तानाबाई तिच्या पायाकडं बघत राहिली.

"मी कुणाचं नाव घेतलं न्हाय. अव्वाला पण सांगितलं न्हाय. रोज विचारती ती. मी म्हटलं, मावशी स्वतःच्या तोंडानं सांगेल. माझ्या तोंडनं नगं, तिचं तिनं सांगू दे. तू म्हणालतीस की वॉर्डात, हाय ते सांगीन. तुला कोण म्हणालं, आन् तू मला काय म्हणालीस. एवढंच हाय नव्हं? एवढंच सांग. पुढं जे व्हायचं ते हू दे. मला माझ्या पायाचं खोटं नगं."

"तानाबाई," मॅडमनं पेन उचललं. "सांगा. कोण म्हणालं?"

तानाबाई उठली. खुर्ची मागं सरकल्याचा आवाज झाला.

"बसा, अजून झालेलं नाही."

"मावशी," भूमिका म्हणाली.

तानाबाई तिच्या वॉकरला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून बाजूनं गेली. कँटीनचं दार ढकललं. काचेपलीकडं सगळ्या लाइनचे हात थांबले होते. तिनं तिकडं बघितलं नाही. मोकळ्या आवारातून, लोखंडाच्या ढिगांच्या बाजूनं ती चालत राहिली. फाटकाजवळ रत्नव्वा तिला येताना बघून गुडघ्यावर हात टेकत उठली.

"सांगितलंस?"

तानाबाई चालत होती.

"अक्का. सांगितलंस का? काय म्हणाल्यात?"

वॉचमननं फाटकातलं बारकं दार, दिंडी, उघडली. तानाबाई रत्नव्वाच्या अंगावरून पुढं झाली, वाकून दिंडीतून बाहेर पडली आणि रस्त्याला लागली.